तांडापेठ, मार्गे फ्रँकफर्ट

सकाळी नऊला मी बोगद्यात शिरते.
खुर्ची हलत नाही, कूलरची मोटर तशीच कण्हत असते,
फक्त पडद्याच्या कोपऱ्यातलं कुलूप हिरवं होतं
आणि माझं घर जर्मनीत जातं.

बाहेर शेहेचाळीस अंश.
वाळ्याच्या ताट्यांवर दुसरी बादली ओतून येते
तोवर जाहिरात वाट बघत असते :
लोकरीचे हातमोजे, उरलेला माल, शेवटचे दोन दिवस.
हवामान सांगतं, दुपारी सरी, छत्री असू द्या.
गोळीबार चौकातलं औषधाचं दुकान शोधलं
तर नकाशा विचारतो,
नदीच्या या तीरावर की त्या?

बाबांना हे सांगितलं, हसतील म्हणून.
एकतीस वर्षं आरएमएसमध्ये काढली त्यांनी,
नागपूर स्टेशनावर, बहुतेक रात्रपाळ्या,
कप्प्यांच्या भिंतीसमोर उभं राहून.
हसले नाहीत.
"म्हंजे इतवारीचं पत्र महालात द्याचं
तं तुम्ही आधी हावड्याले धाडून राह्यले?"
हो.
"काऊन?"
कंपनीची शिस्त. सगळं एका थैलीत, थैलीवर लाख.
"आन् घरची डाक?"
तीही त्याच थैलीत, बाबा.
त्यांनी पंख्याकडे पाहिलं.
"आमच्याकडं असं केलं असतं तं मेमो भेटला असता."

बुधवारी, दोन मीटिंगांच्या मधल्या चार मिनिटांत
मी टाइप केलं :
उजव्या हाताची थरथर, वय एकाहत्तर, चहा सांडतो.
बटण दाबलं, आणि मग कुलूप दिसलं.
हिरवं.
प्रश्न तांडापेठेतून निघाला, समुद्राखालून गेला,
आणि कुठल्याशा थंड खोलीत एक ओळ उमटली असेल :
कर्मचारी क्रमांक, वेळ,
माझ्या बापाचा उजवा हात.

आयटीला तक्रार टाकली. उत्तर आलं, पॉलिसीत बसत नाही.
पुन्हा टाकली.
तिसऱ्या दिवशी फोन, शेंद्रे नावाचा मुलगा,
बसतो हिंजवडीत, पण बोलणं थेट भंडाऱ्याचं.
"ताई, एक फॉर्म आहे. कोनी भरत नाही.
कोणकोणते पत्ते बोगद्याबाहेर जाऊ द्याचे ते लिहा.
मंजूर झाले तं झाले.
आन् दवाखान्याचं मोबाइलवरच पाहत जा,
ह्या लॅपटॉपवर नाही. मी सांगतलं म्हणू नका."

रात्री फॉर्म उघडला. बाबा शेजारी स्टूल ओढून बसले.
मी एकेक नाव वाचायची,
ते हवेत कप्पा दाखवायचे.
पगाराची फाइल? "लाखेची थैली."
गिऱ्हाइकांचं सर्व्हर? "थैली, विचारू नको."
हवामान? "लोकल."
नकाशा? "लोकल."
मीटिंगचा व्हिडिओ? जरा थांबले.
"वजन लय आहे त्याचं. वेगळ्या गाडीनं काढ."
हात थरथरत होता.
कप्पा एकदाही चुकला नाही.

शेवटचा रकाना : कारण.
'वैयक्तिक' लिहिलं. खोडलं.
'वडील' लिहिलं, तेही खोडलं.
'बँडविड्थ' लिहून पाठवलं.
सोमवारी मंजूर.

आता अर्धी मी फ्रँकफर्टला असते, अर्धी इथे.
मीटिंगमध्ये माझा चेहरा गोठत नाही,
हवामान खरं बोलतं, शेहेचाळीस, लू, बाहेर पडू नका.
हातमोजे मात्र अजून पाठ सोडत नाहीत.
जुना माग काढत येतात कुठूनतरी,
राखाडी, तपकिरी, दोन घेतले तर टपाल फुकट.

बाबा चष्मा कपाळावर सारून वाकून पाहतात.
"घे ना बाई एक जोड," म्हणतात,
"हात तरी नाही दिसनार कोनाले."